लाल ठिपका आणि चाळीस यार्ड

शॉटगनने नेम धरायचा नसतो, ती नुसती रोखायची असते, असं जुने बंदूकवाले सांगतात. उडत्या पक्ष्यापुरतं ते खरंच आहे. बदक डोक्यावरून निघालं की नजर त्याच्या पुढे धावते, नजरेबरोबर खांदा वळतो, खांद्याबरोबर नळी वळते आणि चाप कधी ओढला गेला ते कळतही नाही. त्या घाईत नळीच्या टोकावरच्या माशीकडे बघायला गेलेला माणूस हमखास चुकतो. रानटर्कीचा नर मात्र उडत येत नाही. तो चालत येतो. पाच पावलं टाकून थांबतो, मान उंच करतो, पिसारा फुलवून जमिनीला पंख घासतो, पुन्हा मिटतो, आणि एवढ्याशा वाटेला पाऊण तास लावतो. आठ-दहा किलोचा हा पक्षी शेवटी समोर येऊन उभा राहतो तेव्हा त्याच्या अंगावर बार टाकायचा नसतो. पिसांचा जाड थर आणि छातीचं मांस छर्रे अडवतात, पक्षी जखमी होऊन झाडीत शिरतो आणि कुठेतरी तळमळत मरतो. बार लागायचा तो डोक्यावर आणि मानेवर, म्हणजे इंच-दोन इंच रुंदीच्या, सतत हलणाऱ्या जागेवर. इथे शॉटगन रायफलीसारखी चालवावी लागते. म्हणून मार्च लागला की मिसुरी राज्यातल्या आमच्या गावी बंदुकीच्या दुकानात एकच चर्चा चालते: यंदा बंदुकीवर काय बसवायचं?

त्या चर्चेत मी मनापासून भाग घेतो, आणि माझं मत आधीच सांगून टाकतो. नेम धरायला बंदुकीवर बसवायची काच बार लांब नेण्यासाठी घ्यायची नाही. आपण कुठवर मारणार आणि कुठे थांबणार हे पक्कं व्हावं, आणि त्या हद्दीच्या आत आलेला पक्षी एका क्षणात संपावा, यासाठी ती घ्यायची. कुठली काच, तिच्यात दिसणारा नेमाचा ठिपका केवढा, किती पैसे, हे सगळं त्यानंतर ठरतं.

मिसुरीत वसंतातला हंगाम एप्रिलच्या मध्यानंतर सुरू होतो. ओझार्कच्या टेकड्यांवर रेडबडचा जांभळट बहर ओसरत आलेला असतो, डॉगवूड पांढऱ्याने भरलेला असतो, ओकला नुकती पालवी फुटलेली असते. अंधारातच जाऊन एखाद्या झाडाला पाठ टेकून बसायचं. झाड आपल्या खांद्यांपेक्षा रुंद हवं, कारण मागून येणाऱ्या दुसऱ्या शिकाऱ्यापासून पाठ झाकलेली असावी लागते. बंदूक डाव्या गुडघ्यावर, तोंडावर जाळी, हातात मोजे. दरीतून बार्ड जातीचं घुबड ओरडतं आणि त्या आवाजाने डिवचल्यासारखा झाडावर बसलेला नर गडगडतो. ते गडगडणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि अजूनही येतो. मग पाटीच्या तुकड्यावर काडी घासून मादीचा आवाज काढायचा, अगदी हळू, आणि गप्प राहायचं. सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून बार काढायला कायद्याने परवानगी आहे. त्या अर्ध्या तासात रानाला रंग नसतो, नुसत्या करड्या छटा असतात.

नर जवळ आला की गडगडणं थांबतं आणि एक दबका घुमारा सुरू होतो. तो कानांपेक्षा छातीत जास्त जाणवतो. पक्षी अजून दिसत नाही, पण त्याला आपण दिसू शकतो. टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, मान न वळवता तिला जवळजवळ चहूकडचं दिसतं, आणि रंगांची तिची जाण आपल्याहून बारीक आहे. या घटकेला बोट जरी हललं तरी खेळ संपला. तेव्हा बंदुकीवर जे काही असेल त्याला आता हात लावावा लागता कामा नये. बटण दाबायचं, कडी फिरवायची, झाकण उघडायचं, ही सगळी कामं अंधारातच उरकलेली असली पाहिजेत. दुकानात दिव्याखाली काच हातात घेतली की तिचे अनेक गुण दिसतात. झाडाखाली बसल्यावर मात्र तिचा एकच गुण मोलाचा ठरतो: ती आपल्याला काही करायला सांगत नाही.

टर्कीच्या बंदुकीची रीत काय आहे ते समजून घेतलं तर काच का लागते ते कळतं. नळीच्या तोंडाशी घट्ट चोक असतो. छर्ऱ्यांचा झोत पसरू नये म्हणून तोंड किंचित आवळलेलं असतं. ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरवर, १० इंचांच्या वर्तुळात १०० छर्रे पडावेत, अशी शिशाच्या काडतुसांच्या काळापासून चालत आलेली कसोटी आहे. आता टंगस्टनचे छर्रे आले आहेत. शिशाची घनता ११च्या आसपास, तर या छर्ऱ्यांची १८. त्यामुळे नऊ नंबरचा बारीक छर्राही शिशाच्या जाड छर्ऱ्याइतक्याच जोराने लागतो, आणि बारीक असल्याने काडतुसात कितीतरी जास्त मावतो. पाच नंबरच्या शिशाचे एका औंसाला १७०च्या आसपास छर्रे भरतात, नऊ नंबरच्या टंगस्टनचे साडेतीनशेहून अधिक. त्यामुळे वीस बोअरची हलकी बंदूकही आता बारा बोअरच्या तोडीचं काम करते, आणि खांद्याला तिचा धक्काही कमी बसतो. काडतूस महाग आहे, पण मला ही सुधारणा आवडते.

पण या घट्ट चोकाचं दुसरं टोक फार कमी लोक बोलून दाखवतात. लांबवर जो झोत १० इंचांत भरगच्च पडतो, तोच १५ यार्डांवर मुठीएवढ्या जागेतून जातो. पक्षी जितका जवळ तितकी चुकीला जागा कमी. ४० यार्डांवर दोन इंच डावीकडे गेलेला बारही पक्षी पाडेल, पण १५ यार्डांवर तोच बार मानेशेजारून सरळ निघून जाईल. टर्की चुकलेल्या माणसांच्या हकिकती ऐका. अगदी पुढ्यात आलेला नर कसा सुटला हेच त्यांतल्या पुष्कळ जण सांगत असतात. त्यात भर म्हणजे घट्ट चोक आणि जड काडतुसं यांच्या जोडीत पुष्कळशा बंदुका माशी दाखवते तिथे मारतच नाहीत. कुणाची चार इंच वर मारते, कुणाची उजवीकडे. नळीवर पक्की बसवलेली पितळी माशी हलवता येत नाही. काच हलवता येते. काच बसवण्याचं माझ्या लेखी पहिलं कारण हे.

दुसरं कारण गालाचं आहे. कुडाळ तालुक्यात आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. सिंधुदुर्गात अशा बंदुका अजूनही आहेत. माकडं आणि रानडुकरं माड-पोफळींची नासाडी करतात, त्यांना पळवून लावायला बार बहुधा हवेतच काढतात. आम्हा पोरांना ती बंदूक नुसती खांद्याला लावून बघायला मिळे, तीही रिकामी, आणि आजोबा मागे उभे राहून एकच सांगत, "गाल लाकडाक लाय, मगे बघ." शॉटगनला मागची खूण नसते. तिची मागची खूण म्हणजे माणसाचा डोळा, आणि तो जागेवर राहायचा तर गाल दस्त्याला टेकलेला हवा. टर्कीचा नर समोर पिसारा फुलवून उभा राहतो तेव्हा माणसाला तो नीट पाहायचा मोह होतो, मान वर येते, गाल सुटतो, डोळा उंच होतो, आणि बार पक्ष्याच्या डोक्यावरून जातो. हे घडतं ते उतावळेपणाने नव्हे, त्या पक्ष्याच्या देखणेपणाने. म्हणूनच नुसतं बजावून ते थांबत नाही. लाल ठिपक्याची काच इथे मोठी मदत करते. गाल थोडा सुटला तरी ठिपका जिथे दिसतो तिथेच बार जातो, आणि फारच सुटला तर ठिपका दिसेनासा होतो. तो दिसत नाही तोवर चाप ओढायचा नाही.

तिसरं कारण वयाचं. चाळिशी लागली की जवळचं धूसर होतं. चष्म्याने पेपर वाचता येतो, पण बंदुकीची माशी हातभर पलीकडे असते आणि पक्षी तीस यार्डांवर. डोळा एका वेळी एकाच अंतरावर ठरतो. माशी स्पष्ट केली तर पक्षी विरघळतो, पक्षी स्पष्ट केला तर माशीचा गोळा होतो. तरुण डोळा ही ये-जा इतक्या झटपट करतो की त्याला ती जाणवतही नाही. पन्नाशीनंतरच्या डोळ्याला पहाटेच्या करड्या उजेडात ती जमत नाही. लाल ठिपका ही ये-जाच संपवून टाकतो. रात्री खिडकीच्या काचेत खोलीतला दिवा जसा बाहेर अंगणात लटकलेला दिसतो, तसा हा ठिपका काचेपलीकडे, लांब पक्ष्याच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो. आत एक इवलासा दिवा असतो, त्याचा प्रकाश किंचित वक्र काचेवर पडून डोळ्याकडे परत येतो, आणि किरण समांतर येत असल्याने डोळा लांबच पाहत राहतो. काचेवरचा थर फक्त तेवढा लाल प्रकाश परतवतो आणि बाकीचा पलीकडे जाऊ देतो, म्हणून त्यातून पाहिलेलं रान थोडं निळसर वाटतं.

ही युक्ती जुनी आहे. दुर्बिणी घडवणारे डब्लिनचे हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली तिचं पेटंट घेतलं. खगोलशास्त्रज्ञांसाठी भिंगं घासणाऱ्या माणसाला बंदुकीसाठी हे सुचलं याचं मला अप्रूप वाटतं. पुढे ती लढाऊ विमानांत गेली. मग १९७५ मध्ये एमपॉइंट या स्वीडिश कंपनीने एलईडी दिव्यावर चालणारी पहिली काच बाजारात आणली. आज मनगटी घड्याळाएवढ्या काचा मिळतात आणि एका चपट्या बॅटरीवर वर्षानुवर्षं चालतात. पण जन्मापासून तिचं काम तेच आहे: डोळे दोन्ही उघडे ठेवा, आणि ज्याला मारायचंय त्याच्याकडे पाहा, बंदुकीकडे नको.

ठिपका केवढा असावा यावर लोक तासन्‌तास बोलतात. ठिपका एमओए या कोनाच्या मापात मोजतात, आणि हिशेब सोपा आहे. ३ एमओएचा ठिपका १०० यार्डांवर साधारण तीन इंच झाकतो, म्हणजे ४० यार्डांवर सव्वा इंच. ६ एमओएचा अडीच इंच, म्हणजे मान पूर्णच झाकली. मोठा ठिपका पटकन सापडतो, हे मान्य. पण टर्कीच्या शिकारीत पटकन काहीच करायचं नसतं. मी २ किंवा ३चाच घ्यायला सांगतो, तोही सर्वांत मंद उजेडावर ठेवून. पहाटे ठिपका जास्त तेजाळला की तो पसरतो आणि नेमकं जे पाहायचं तेच गिळून टाकतो.

ज्यांच्या डोळ्याला सिलिंड्रिकल नंबर आहे त्यांनी पैसे टाकण्याआधी जपावं. माझ्या उजव्या डोळ्याला तो आहे. चष्म्याशिवाय मला गोल ठिपका गोल दिसत नाही, त्याला शेपटी फुटते. काचेतच दोष असल्यासारखं वाटतं. दुकानात यासाठी साधी परीक्षा करता येते: फोनचा कॅमेरा काचेमागे धरून ठिपक्याचा फोटो काढायचा. फोटोत तो गोल आला तर काच निर्दोष, नंबर आपल्या डोळ्यात आहे. चष्मा लावून बहुतेकांचं काम भागतं. ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी प्रिझमच्या काचा आहेत. त्यांत खूण काचेवर कोरलेली असते, डोळ्याच्या नंबराप्रमाणे ती स्पष्ट करून घेता येते आणि बॅटरी संपली तरी काळी खूण उरते. मात्र त्यांना डोळा एका ठरावीक अंतरावर लागतो, आणि झाडाला टेकून वाकडं तिकडं बसल्यावर ते अंतर जमेलच असं नाही.

माझा शेजारी, शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला, यातलं काहीच वापरत नाही. त्याच्या बंदुकीवर पुढे एक हिरवी आणि मागे दोन लाल, अशा प्रकाशतंतूच्या काड्या आहेत. त्या आजूबाजूचा उजेड गोळा करून टोकाशी चमकवतात. बॅटरी नाही, काच नाही, पावसाची भीती नाही, किंमत किरकोळ, आणि आपल्या बंदुकीला जुळवून थोड्या हलवताही येतात. त्याच्या डोळ्यांना ते अजून साधतं, आणि तो पंचवीस यार्डांपलीकडे मारतच नाही. त्याला मी काच घ्यायला कधीच सांगणार नाही. ज्याचे डोळे शाबूत आहेत आणि हद्द अशी जवळची आहे, त्याला याहून जास्त काही लागत नाही.

वाढवून दाखवणाऱ्या दुर्बिणीबद्दल मात्र माझं मत कडक आहे. एकपट ते चौपट वाढवणाऱ्या छोट्या दुर्बिणी टर्कीसाठी म्हणून विकल्या जातात. जड काडतुसाच्या धक्क्याने डोळा फार जवळ ठेवणाऱ्याच्या भुवईवर तिची कडा आपटते आणि अर्धचंद्राकार जखम होते, हा एक तोटा. पण माझा आक्षेप त्याहून मोठा आहे. दुर्बीण बंदुकीवर असली की माणूस तिच्यातून पाहू लागतो. झुडपामागे काय हललं? त्या ओंडक्याजवळचं काळं ते काय? आणि जे पाहायचं तिकडे नळीचं तोंड वळतं. ते काळं म्हणजे दुसरा शिकारी असू शकतो, त्याची बायको असू शकते, मश्रूम गोळा करायला आलेली पोरं असू शकतात. एप्रिलमध्ये ओझार्कात मॉरेल नावाचे मश्रूम निघतात आणि माणसं खाली मान घालून ते हुडकत रानभर फिरतात. पाहण्यासाठी गळ्यात वेगळी दुर्बीण ठेवावी. बंदुकीवरच्या काचेतून पाहायचं ते फक्त ओळखलेल्या, निश्चित झालेल्या पक्ष्याकडे. ज्या काचेत काहीच मोठं दिसत नाही, ती काच हा मोहच निर्माण होऊ देत नाही. लाल ठिपका मला प्रिय आहे तो यासाठीही.

ठिपका लाल की हिरवा, हेही विचारलं जातं, आणि त्याचं उत्तर पक्ष्याच्या डोक्यात आहे. टर्कीच्या नराच्या डोक्यावर पिसं नसतात, आणि त्या उघड्या कातडीचा रंग मनःस्थितीप्रमाणे बदलतो. घटकेत रक्तासारखी लाल, घटकेत पांढरी, गालांवर निळी. हे रंगांचं वर्णन आपल्याकडच्या एका माणसाने चारशे वर्षांपूर्वीच करून ठेवलं आहे. बादशहा जहांगीरने मुकर्रबखानाला गोव्याला पाठवलं होतं, पोर्तुगिजांच्या गलबतांतून आलेल्या दुर्मीळ वस्तू मिळतील त्या भावाने घेऊन ये म्हणून. १६१२ मध्ये तो परत आला तेव्हा त्याच्यासोबत एक टर्कीचा नर होता. अमेरिकेतला पक्षी, गोव्याच्या बंदरातून आग्र्याला गेलेला. जहांगीरने आपल्या आठवणींत त्याचं डोकं पोवळ्यासारखं लाल होतं, मग कापसासारखं पांढरं, मग निळसर, हे बारकाईने टिपलं, आणि दरबारचा चित्रकार मन्सूर याच्याकडून त्याचं चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. जहांगीर नाणावलेला शिकारी होता. पण त्या पक्ष्यासमोर तो आधी पाहत राहिला, आणि मला वाटतं टर्कीच्या शिकाऱ्याने त्याच्याकडून एवढं घ्यावं. मन्सूरच्या चित्रातलं लालभडक गळ्याचं मांस आणि निळं तोंड अगदी तसंच ओझार्कच्या झाडीतून पुढे येतं, तेव्हा गोव्याची ती वाट मला आठवल्याशिवाय राहत नाही.

तर, पूर्ण लाल झालेल्या डोक्यावर लाल ठिपका हरवतो. हिरवा ठिपका पालवीत हरवतो. दोहोंतला लाल बरा, कारण नेम धरायचा तो डोक्याच्या मधोमध नाही, मानेची कातडी जिथे संपते आणि पिसं सुरू होतात त्या रेषेवर, आणि तिथे पिसांच्या काळ्या तांबूस पार्श्वभूमीवर लाल ठिपका उठून दिसतो. झोताचा वरचा भाग मग डोक्यावर पडतो, मधला मानेवर. पिसारा फुलवलेला असताना मान आखडलेली असते. तेव्हा बार काढायचा नाही. एक बारीक कुटकुट आवाज दिला की तो पिसारा मिटून मान उंच करतो. तेवढी वाट पाहायची. आणि याच तीन रंगांमुळे टर्कीच्या रानात लाल, पांढरं किंवा निळं काहीही अंगावर घालून जाऊ नये, अगदी हातरुमालसुद्धा. रानातून परतताना मारलेला पक्षी नारिंगी कापडात गुंडाळून आणावा.

बसवण्याच्या कामाबद्दल थोडक्यात. काच जितकी खाली बसेल तितकी चांगली, म्हणजे गाल लाकडावरच राहतो. उंच पट्टीवर बसवलेली काच पाहायला हनुवटी दस्त्यावर टेकवावी लागते, आणि मग सगळा फायदा गेला. हल्ली काही बंदुका वरूनच कापून येतात आणि काच थेट त्या खाचेत बसते. मॉसबर्गची ९४० प्रो टर्की अशीच आहे. स्क्रूला चिकट द्रव लावून ते ठरलेल्या जोरानेच आवळावेत, कारण टर्कीच्या काडतुसाचा हिसका भलभल्या स्क्रूंना सैल करतो. बॅटरी दर वर्षी हंगामाआधी बदलावी, जुनी चालू असली तरी. पैशांचं म्हणाल तर दीडशे डॉलरांपासून पाचशे-सहाशेपर्यंत सगळं मिळतं, आणि मधल्या किमतीतली काच धक्का आणि पाऊस दोन्ही सोसते.

आता अंतर. काच आणि टंगस्टन यांची जोडी जमली की बंदूक ६० यार्डांवरही पक्षी पाडते, हे खरं आहे, आणि तेच आज विकलं जातं. मला ते दुखतं. मिसुरीत हा पक्षी कसा परत आला ते माहीत असलेल्या कुणालाही दुखेल. जंगलं तोडून आणि बेसुमार शिकार करून तो इतका संपवला होता की १९३७ साली राज्याने टर्कीची शिकारच बंद केली. १९५०च्या सुमारास सबंध राज्यात तो अडीच हजारांच्या आसपास उरला होता. मग राज्याच्या वन्यजीव खात्याने रानातल्या उरल्यासुरल्या कळपांवर जाळी टाकून पक्षी पकडले आणि एकेका खोऱ्यात नेऊन सोडले. पाळीव पक्षी सोडण्याचे आधीचे प्रयत्न फसले होते, रानातले पक्षी मात्र रुजले. १९६० मध्ये १४ काउंट्यांत तीन दिवसांचा हंगाम उघडला आणि ९४ पक्षी मिळाले. या सगळ्याचा बराचसा खर्च शिकाऱ्यांच्याच खिशातून आला. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याप्रमाणे लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवरच्या ११ टक्के कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि तिथल्या रानांची अवस्था पाहता ती हवीच. इथे परवाना आहे, हंगाम आहे, वसंतात माणशी दोनच नर आहेत, बंदुकीत तीनच काडतुसं आणि चार नंबरपेक्षा मोठा छर्रा नाही. हे सगळे नियम कुणीतरी रात्रंदिवस मोजणी करून बसवलेले आहेत.

पण ६० यार्डांवर जखमी होऊन निघून गेलेला पक्षी कुठल्याच मोजणीत येत नाही. कुणाच्या परवान्यावर त्याची नोंद होत नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मिसुरीतली टर्की पुन्हा कमी झाली आहे, पिल्लं पूर्वीइतकी जगत नाहीत, आणि अशा काळात लांबच्या बाराची फुशारकी शोभत नाही असं मला वाटतं. त्या अंतरावर पक्षी अर्धा पाऊल पुढे सरकला, मधे बोटाएवढी फांदी आली, अंदाजात दहा यार्डांची चूक झाली, की झोताचे मोजके छर्रे कुठेही लागतात. शिवाय बोलावून, भुलवून, चाळीसच्या आत आणणं हीच या शिकारीतली खरी कला आहे. ती पाटी आणि काडीवर शिकावी लागते. कुठल्याही काचेने तिची भरपाई होत नाही. चाळीसच्या आत पडलेला पक्षी जागीच संपतो, पिसं शाबूत राहतात, मांसात छर्रे नसतात. छातीचं मांस पातळ कापून आमच्या घरी कांदा-खोबऱ्याच्या वाटणात होतं, आणि शिरांनी भरलेल्या तंगड्या मालवणी मसाल्यात दोन-तीन तास मंद आचेवर शिजतात. त्यातला एकही भाग टाकून दिला जात नाही.

इथल्या मराठी मुलांपैकी कुणी या नादाला लागणार असेल तर त्याला किंवा तिला माझं सांगणं एवढंच आहे. काचेसाठी पैसे बाजूला काढाल तेव्हा काडतुसांच्या आणखी दोन डब्यांचेही काढा. हंगामाच्या महिनाभर आधी रेंजवर जा. आधी हलक्या काडतुसांनी वीस यार्डांवर ठिपका जुळवून घ्या, मग रानात वापरणार तेच काडतूस घेऊन चाळीसवर कागद लावा, १० इंचांचं वर्तुळ काढा आणि छिद्रं मोजा. शिशाच्या काडतुसाची शंभराहून कमी पडली तर पस्तीसवर या, तरी कमी पडली तर तीसवर या. टंगस्टनची त्याहून पुष्कळ जास्त पडायला हवीत, आणि पडली तरी चाळीसच्या पुढे कागद नेऊ नका. कागद जिथे होकार देईल ती तुमची हद्द. रानात बसाल तेव्हा उजेड व्हायच्या आत तेवढ्या अंतरावरचं एक झाड हेरून ठेवा, आणि त्या झाडापलीकडून जाणारा नर, त्याच्या छातीवरची दाढी कितीही लांब असो, जाऊ द्या.